रिपोर्ट नॉर्मल, तरी दम का लागतो?
फुफ्फुसातल्या जुन्या गुठळ्या आणि रक्ताच्या तपासण्या

आपल्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते. खुंटीला टांगलेली, नाहीतर कपाटावर ठेवलेली. तिच्यात केसपेपर, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट कोंबलेले असतात. डॉक्टरकडे जाताना ती पिशवी सोबत घ्यायची, त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि ते काय म्हणतात याची वाट बघायची, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या कागदांवरचा एखादा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपल्यालाही थोडे कळायला हवे. आजचा पाठ त्यासाठी आहे.

समजा, त्या पिशवीत चाळिशीतल्या एका ताईंचे कागद आहेत. ताई चार घरची धुणीभांडी करतात. दीड वर्षापूर्वी त्यांचा डावा पाय सुजला. आठवड्याभरात छातीत कळ आली आणि श्वास घेता येईना. मोठ्या दवाखान्यात फुफ्फुसात रक्ताची गुठळी सापडली. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी बरे वाटले म्हणून ताईंनी त्या बंद केल्या. आता दुसऱ्या मजल्यावर जाताना त्यांना मध्येच बसावे लागते. कोणी म्हणाले रक्त कमी आहे, कोणी दमा म्हणून पंप दिला. शेवटी कोणीतरी ‘डी-डायमर’ नावाची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट नॉर्मल आला. ‘गुठळी नाही, काळजी करू नका,’ असे ऐकून ताई घरी आल्या. दम मात्र तसाच राहिला.

रिपोर्ट खोटा नव्हता. चूक झाली ती त्याचा अर्थ लावण्यात.

आजार नेमका काय आहे?

हृदयाला दोन बाजू असतात. डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पाठवते. तिथला दाब आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो, १२०/८० वगैरे. उजवी बाजू फक्त फुफ्फुसांकडे रक्त पाठवते. तिथला दाब फार कमी असतो, सरासरी १४ च्या आसपास. त्यामुळे उजव्या बाजूची भिंतही पातळ असते. तिला जोर लावायची सवय नसते.

पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. बहुतेक लोकांत औषधाने आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीने ती काही आठवड्यांत विरघळते. काहींच्या बाबतीत तसे होत नाही. ती रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटते आणि हळूहळू जखमेच्या व्रणासारखी कडक होते. नळाच्या पाइपात वर्षानुवर्षे क्षार साचून तोंड बारीक व्हावे, तसे होते. मग तेवढेच रक्त पुढे ढकलायला उजव्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. दाब वाढतो, हृदय फुगते आणि शेवटी थकते.

या आजाराला आपण ‘जुन्या गुठळ्यांमुळे होणारा फुफ्फुसीय उच्चरक्तदाब’ म्हणू. डॉक्टरांच्या कागदावर तो ‘सीटीईपीएच’ या अक्षरांनी लिहिलेला असतो. निदान करण्यासाठी गुठळी न होऊ देणारे औषध निदान ३ महिने नीट घेतलेले असावे लागते. त्यानंतरही फुफ्फुसात अडथळे राहिले आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला सरासरी दाब २० पेक्षा जास्त असला, तर हे नाव दिले जाते. २० ही मर्यादा २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. पूर्वी ती २५ होती.

दोन गोष्टी इथेच लक्षात घ्या. पहिली, दंडावरचा बीपी नॉर्मल असला तरी फुफ्फुसातला बीपी वाढलेला असू शकतो. दुसरी, फुफ्फुसात गुठळी होऊन वाचलेल्या शंभर लोकांपैकी साधारण दोन ते चार जणांना पुढे हा आजार होतो. म्हणजे तो फार दिसत नाही, पण दिसला तर ओळखावाच लागतो, कारण फुफ्फुसीय उच्चरक्तदाबाच्या प्रकारांत शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता असलेला हा प्रकार आहे. असे असूनही निदानाला उशीर होतो. अनेक देशांतल्या रुग्णांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण १४ महिने गेलेले दिसले. त्याच नोंदीत सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना आपल्याला कधी फुफ्फुसात गुठळी झाली होती हेच माहीत नव्हते.

आता रक्ताच्या तपासण्या एकेक करून पाहू.

१) डी-डायमर : ताज्या गुठळीची खूण

गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांनी विणलेली असते. शरीर ती तोडू लागते तेव्हा धाग्यांचे तुकडे रक्तात येतात. त्या तुकड्यांचे मोजमाप म्हणजे डी-डायमर. ताजी गुठळी असेल तर हा आकडा बहुतेक वेळा वाढतो. ज्याला गुठळीचा धोका कमी वाटतो अशा रुग्णात तो नॉर्मल आला, तर ताजी गुठळी नाही असे डॉक्टर बऱ्याच खात्रीने म्हणू शकतात.

पण जुनी गुठळी आता धाग्यांची राहिलेली नसते, तिचा व्रण झालेला असतो. तो व्रण तुटत नाही, मग तुकडे कुठून येणार? शिवाय रुग्ण गुठळीविरोधी गोळ्या घेत असेल तर आकडा आणखी खाली येतो. म्हणून नॉर्मल डी-डायमरवरून जुन्या गुठळ्यांचा आजार नाही असे म्हणता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या ताईंच्या बाबतीत नेमके हेच घडले.

उलट बाजूही बघा. गरोदरपण, बाळंतपण, ऑपरेशन, मोठा संसर्ग, कॅन्सर, सिकलसेल, वाढते वय, या सगळ्यांत गुठळी नसतानाही डी-डायमर वाढतो. वाढलेला आकडा बघून घाबरून जायचे नाही.

आणखी एक अडचण एककाची आहे. ही तपासणी दोन पद्धतींनी लिहितात. एका पद्धतीत ५०० पर्यंत नॉर्मल मानतात, दुसरीत साधारण २५० पर्यंत. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘दुप्पट झाले’ असे समजू नका. आकड्यापुढचे एकक आणि कंसातली नॉर्मल मर्यादा आधी वाचा.

२) बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी : हृदयावरच्या ताणाची खूण

हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला, भिंत ताणली गेली, की हृदयाच्या पेशी एक पदार्थ रक्तात सोडतात. तो मूत्रपिंडाला सांगतो, मीठ-पाणी बाहेर टाका, ओझे हलके करा. १९८८ साली जपानी संशोधकांना तो प्रथम डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून त्याच्या नावातल्या ‘बी’चा अर्थ मेंदू असा आहे. पुढे कळले की माणसात तो मुख्यतः हृदयातून येतो. नाव मात्र तेच राहिले.

या आजारात ही तपासणी सर्वांत कामाची. उजवे हृदय जितके थकते तितका आकडा वाढतो. फुफ्फुसीय उच्चरक्तदाबात धोका ठरवताना डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, ११०० च्या वर असेल तर जास्त, असा ढोबळ अंदाज घेतात. त्यासोबत रुग्ण ६ मिनिटांत किती चालतो, इकोत काय दिसते, हेही पाहतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा औषधाने दाब उतरला की हा आकडाही उतरतो. म्हणून उपचार लागू पडतो का, हे बघायला तो वेळोवेळी तपासतात.

गुठळीनंतर दम लागत असेल, पण इसीजीवर उजव्या हृदयावरच्या ताणाची खूण नसेल आणि एनटी-प्रोबीएनपीही नॉर्मल असेल, तर या आजाराची शक्यता बरीच कमी होते. तरीही दम तसाच राहिला तर इको करून घ्यावा, कारण सुरुवातीच्या काळात आकडा नॉर्मल राहू शकतो.

या तपासणीच्याही मर्यादा आहेत. डाव्या हृदयाचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, अनियमित ठोके आणि म्हातारपण यांतही आकडा वाढतो. लठ्ठ माणसात तो मुळातच कमी दिसतो. हृदयावर ताण आहे एवढे ती सांगते. तो कशामुळे आला हे सांगत नाही.

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आकडेही वेगळे. पहिल्या वेळी जी केली तीच पुढेही करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

३) गुठळी का होते हे शोधणाऱ्या तपासण्या

काही लोकांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये असतात. त्यांना अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्ये म्हणतात. त्यांच्या ३ तपासण्या असतात : लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. जुन्या गुठळ्यांच्या रुग्णांत ही प्रतिद्रव्ये नेहमीपेक्षा जास्त आढळतात.

इथे एक गंमत आहे. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असलेल्याचे रक्त काचेच्या नळीत उशिरा गोठते, पण शरीरात मात्र त्याला गुठळ्या जास्त होतात. ‘एपीटीटी’ नावाच्या साध्या तपासणीत वेळ वाढलेला दिसला की काहींना वाटते, रक्त पातळ आहे, मग गुठळी कशी होईल? हा समज चुकीचा आहे.

ही प्रतिद्रव्ये असलेल्या स्त्रीचा गर्भ पुन्हा पुन्हा पडू शकतो. घरातले तिला बोल लावतात, बाहेरचे उपाय करतात, तिला दोषी ठरवतात. तिच्या रक्तात एक आजार आहे, त्याची तपासणी आहे, उपचार आहे, हे कोणी सांगत नाही. म्हणून ज्या बाईला गर्भपात वारंवार झाले आहेत आणि पायात किंवा फुफ्फुसात गुठळीही झाली आहे, तिने दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगाव्यात. एकदा तपासणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करतात. दोन्ही वेळा आली तरच निदान पक्के होते. अशा रुग्णाला बहुधा वॉरफॅरिनच देतात. नव्या प्रकारच्या गोळ्या त्यांच्यात तितक्या भरवशाच्या ठरल्या नाहीत. आणि वॉरफॅरिन गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते, म्हणून मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

‘फॅक्टर आठ’ हा रक्त गोठवणारा घटकही या रुग्णांत बरेचदा वाढलेला सापडतो. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन या आनुवंशिक तपासण्यांची फी मोठी असते. वॉरफॅरिन सुरू असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसतात, म्हणजे रिपोर्ट चुकीचा अर्थ देतो. त्या कधी करायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

थायरॉइडची ‘टीएसएच’ तपासणीही यादीत असते. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि प्लीहा, म्हणजे पानथरी, काढून टाकलेल्यांत हा आजार जास्त आढळतो.

४) हिमोग्लोबिन : दोष फक्त त्याचाच नसतो

आपल्या बायकांना दम लागला की पहिले उत्तर ‘रक्त कमी आहे’. बरेचदा ते खरेही असते. पण लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ८ वरून ११ वर आले आणि दम तेवढाच राहिला, तर दमाचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा : ‘डॉक्टर, रक्त वाढले, मग दम का गेला नाही?’

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. म्हणून हा भाग आपल्यासाठी वेगळा लिहितो. सिकलसेल आजारात, म्हणजे ‘एसएस’ प्रकारात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, प्लीहा निकामी होते आणि फुफ्फुसीय उच्चरक्तदाब होण्याचा धोका असतो. काहींमध्ये त्यामागे जुन्या गुठळ्याच असतात.

अशा रुग्णात रक्ताच्या खुणा वाचणे जास्त अवघड होते. डी-डायमर तर नेहमीच थोडा वाढलेला असतो. हिमोग्लोबिन कमी असते, म्हणून दम लागला की सगळे त्याच्यावर ढकलले जाते. अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात सिकलसेल रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी १६० किंवा त्याहून जास्त असेल, तर फुफ्फुसीय उच्चरक्तदाब आणि मृत्यू या दोन्हींचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे इतरांत ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून सोडून दिला जाईल असा आकडा इथे गंभीरपणे घ्यावा लागतो.

सिकलसेलचे वाहक, म्हणजे ‘एएस’ असलेले लोक, साधारणपणे निरोगी असतात. त्यांच्यात फुफ्फुसातल्या गुठळीचा धोका थोडा जास्त आढळला आहे, एवढे लक्षात असू द्यावे. घाबरण्याचे कारण नाही. पण गुठळीचा संशय असेल तेव्हा ‘मी वाहक आहे’ हे डॉक्टरांना सांगावे.

रक्त तपासणीच्या पुढे काय?

हा आजार फक्त रक्ताच्या तपासणीने पक्का होत नाही. रक्त इशारा देते. पुढच्या पायऱ्या अशा :

• इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. उजवे हृदय फुगले आहे का, दाब वाढला असावा का, याचा अंदाज येतो.
• फुफ्फुसाचा व्ही-क्यू स्कॅन. हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचत नाही, हे दिसते. हा स्कॅन पूर्ण नॉर्मल असेल तर हा आजार जवळजवळ नसतोच. साध्या सीटी स्कॅनमध्ये मात्र जुन्या गुठळ्या नजरेतून सुटू शकतात.
• उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन. बारीक नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजतात. निदान इथे पक्के होते.

उपचारांत पहिला उपाय शस्त्रक्रिया. शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ थांबवून, सर्जन रक्तवाहिनीच्या आतला व्रण सोलून काढतात. ऑपरेशन मोठे आहे, पण अनुभवी केंद्रांत बहुतेक रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर येतात आणि पुन्हा जिने चढू लागतात. भारतात ते मोजक्या मोठ्या केंद्रांत होते. ज्यांना शस्त्रक्रिया शक्य नाही त्यांच्यासाठी फुग्याने रक्तवाहिनी रुंद करण्याची पद्धत आहे आणि रिओसिग्वॅट नावाची गोळी आहे. ही गोळी गरोदरपणात चालत नाही. गुठळीविरोधी औषध मात्र सगळ्यांनाच आयुष्यभर घ्यावे लागते.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, हे खरे. आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. तिथे कोणत्या तपासण्या होतात ते विचारा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा आणि सुचवलेला उपचार योजनेत बसतो का, हे ऑपरेशन ठरण्याआधीच विचारा. खासगी लॅबचे ‘हृदय पॅकेज’ स्वतःच्या मनाने करू नका. गुठळ्यांच्या आजारासाठी नव्या नव्या खुणांवर संशोधन चालू आहे, पण त्यांपैकी बहुतेक अजून रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत.

वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी हे पाळा

१. ‘आयएनआर’ तपासणी वेळेवर करा. बहुतेकांसाठी आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा. कमी असेल तर गुठळीचा धोका, जास्त असेल तर रक्तस्रावाचा.
२. गोळी रोज एकाच वेळी घ्या. बरे वाटले म्हणून बंद करू नका.
३. पालक, मेथी, चवळई खायला हरकत नाही, पण एक दिवस जुडीभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असे करू नका.
४. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन घेऊ नका.
५. टीबीची औषधे सुरू होणार असतील तर सांगा. रिफाम्पिसिनमुळे वॉरफॅरिनचा परिणाम बराच कमी होतो. काही नव्या गोळ्यांचाही होतो.
६. दात काढण्याआधी, इंजेक्शन घेण्याआधी ‘मी ही गोळी घेतो’ हे आधी सांगा.

केव्हा थांबायचे नाही?

श्रम करताना चक्कर येऊन पडणे, खोकल्यातून रक्त येणे, अचानक श्वास कोंडणे, ओठ निळे पडणे, एक पाय अचानक सुजून दुखणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

पाठाची उजळणी

घरात मोठ्याने वाचा आणि एकमेकांना विचारा :

• डी-डायमर नॉर्मल असेल तर जुनी गुठळी नाही असे म्हणता येते का? — नाही.
• एनटी-प्रोबीएनपी वाढले तर काय कळते? — हृदयावर ताण आहे. कारण शोधायला इको आणि पुढच्या तपासण्या लागतात.
• फुफ्फुसात गुठळी झाल्यावर पुन्हा तपासणी कधी? — ३ महिने औषध झाल्यावर, आणि दम लागत असेल तर त्यानंतर कधीही.
• दंडावरचा बीपी नॉर्मल, म्हणजे फुफ्फुसातलाही नॉर्मल? — तसे नाही.

शेवटी त्या पिशवीकडे परत येऊ. आज रात्री ती खाली काढा. कागद तारखेप्रमाणे लावा. एका वहीच्या पानावर चार रकाने आखा : तारीख, तपासणीचे नाव, आकडा आणि एकक, त्या दिवशी किती पायऱ्या चढून दम लागला. हा शेवटचा रकाना कोणतीही लॅब भरून देत नाही, तो रुग्णालाच भरावा लागतो. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर पिशवीच्या आधी ते पान ठेवा आणि सरळ विचारा : ‘मला पूर्वी गुठळी झाली होती. अजून दम लागतो. त्या जुन्या गुठळीमुळे तर नाही ना? इको आणि व्ही-क्यू स्कॅन करायचा का?’

हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, आणि तो वेळेवर विचारला तर १४ महिन्यांची वाट काही आठवड्यांवर येऊ शकते.